आळीतल्या नऊ जांभळी

चैत्र लागला की मला एक खोड जडते. सकाळी अंगणात सडा घालायच्या आधी मी दारातल्या जांभळीखाली पडलेली पानं उचलते आणि त्यांच्या कडा बघत बसते. पान पिकून पिवळं पडलंय, की टोकाकडून करपत आलंय? झाड आता आमच्या कौलांच्याही वर गेलं आहे. त्याला काही होणार नाही, हे आळीतलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. माझी लेक तर मला हसतेच. "आई, झाली का झाडाची नाडी बघून?" म्हणते. मी तिला दटावते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वाकते. माझा स्वभावच काळजीखोर. मुंबईची आगबोट दोन घटका उशिरा आली तरी मी ती मनात बुडवून मोकळी होते. पण पानांचं तसं नाही. पानांची काळजी मला एका उन्हाळ्यानं लावून दिली, आणि तो उन्हाळा दरवर्षी ठरल्या वेळेला परत येतो.

सध्या आळीत वाळवणाचे दिवस आहेत. परड्यापरड्यातून आमसुलांचा आंबट वास सुटलाय. कुणाच्या खाटेवर सांडगे, कुणाच्या जुन्या धोतरावर मिरच्या. आणि पुढच्या बाजूला, वाटेवर, जांभळींची सावली. दुपारी बारा वाजता वरच्या माळावरून येणारा माणूस आमच्या दारापासून चार झाडं सावलीतून चालतो, पाचव्या झाडाच्या जागेपाशी येतो आणि एकदम पाय उचलून चालायला लागतो. तिथून खाली बाजारापर्यंत नुसता तापलेला जांभा दगड आहे. मी ओटीवर बसून तांदूळ निवडत असते आणि माणसांचं हे पाय उचलणं बघत असते. कुणालाही वाटेल, वाट तशी आहे म्हणून माणसं तशी चालतात. वाट तशी का आहे, ते मला ठाऊक आहे.

आमची आळी म्हणजे खालच्या बाजारातून माळाकडे चढत गेलेली एक अरुंद वाट. पायाखाली जांभा, कुंपणाच्या गडग्याला जांभा, घरालाही जांभाच. मी लग्न होऊन इथे आले तेव्हा या वाटेवर औषधालासुद्धा सावली नव्हती. सकाळी दहाला दगड तापायला लागायचा तो दिवेलागणीपर्यंत. पायात काही घालायची बायकांना सवय नव्हती, आणि पोरांना परवडत नव्हतं. घागर घेऊन चढणारी बाई दर वीस पावलांवर कुणाच्या तरी ओटीच्या कडेला पाय टेकवून उभी राहायची, तेवढीच वीतभर सावली. दुपारची सगळी दारं लावलेली. माणूस माणसाशी बोलायचा तो संध्याकाळी पाचनंतर, आणि तेव्हाही वैतागून. मला वाटायचं, या आळीतली माणसंच खाष्ट आहेत. ती खाष्ट नव्हती, भाजलेली होती, हे पुढे समजलं.

माझ्या लग्नाच्या आदल्या वैशाखात याच चढणीवर खाडीकडची एक मासळीवाली डोक्यावरची पाटी घेऊन खाली बसली ती उठलीच नाही. माझ्या सासऱ्यांनी, मामंजींनी, तिच्या तोंडावर पाणी मारलं, तिला आमच्या पडवीत आणून निजवलं. तासाभरात ती गेली. मामंजी मोजणी खात्यातून पेन्शनीत निघालेले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या जमिनी मोजल्या, पण स्वतःच्या दारातल्या वाटेवर बाई बसून मेली हे त्यांना फार लागलं. त्यांनी नगरपालिकेत खेटे घातले आणि नऊ जांभळीची रोपं मिळवली. वडाऱ्यांकडून कातळात नऊ खड्डे फोडून घेतले, पावलांनी अंतर मोजून. खालच्या शेतातली तांबडी माती आणली, शेणखत घातलं, आणि पावसात रोपं लावली. बांबूचे पिंजरे स्वतः विणले. पाऊस सरल्यावर पाण्याची पाळी लावून दिली, एका घरानं रोज एक कळशी.

पाचवं रोप यमुकाकूंच्या दारात आलं. यमुकाकू विधवा. मूलबाळ नाही. आळीतल्या घराघरांचे पापड लाटून द्यायच्या, आमसुलं करायच्या, फणसपोळ्या घालायच्या. मुंबईला असलेल्या आमच्या आळीतल्या प्रत्येक पुरुषाच्या गाठोड्यात काकूंच्या हातचं काही ना काही असायचंच. म्हणजे बाईचं सगळं पोट उन्हावर. खड्डा फोडायला घेतला तेव्हा त्या दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या, असं सासूबाई सांगायच्या.

"भावोजी, झाडं लावा, माझी ना नाय. पण माझ्या दारातलं ऊन त्या झाडानं खाल्लंन, तर मी काय खाऊ?"

"वहिनी, मागच्या परड्यात ऊन आहे की."

"मागं न्हाणी आहे, गोठा आहे. तिथं लोकांचे पापड घालू? आणि जांभळं गळायला लागली की? आमसुलांवर डाग, पापडांवर पाखरांची घाण. झाड तुमचं, शिव्या मला."

मामंजींनी खड्डा हातभर बाजूला घेतला, पण झाड लावलंच. एकदा विहिरीवर पाण्याच्या पाळीवरून बोलाचाली झाली तेव्हा काकू चारचौघींत म्हणाल्या, "मरोत मेली ती झाडं." रागात माणूस काय वाटेल ते बोलतं. पण आळीनं ते वाक्य नीट घडी घालून ठेवलं.

मी आले ती मार्गशीर्षात. माझं माहेर खाडीपलीकडचं, समुद्राला लागून असलेल्या माडांच्या वाडीतलं. आमच्याकडे माड लावताना खड्ड्यात आधी मीठ घालतात. पुढेसुद्धा बुंध्याला वाळवी लागली की मुळाशी मुठीमुठीनं जाडं मीठ टाकतात. माझे बाबा टाकायचे, आजोबा टाकायचे. झाडाला वाळवी लागली की मीठ, हे मला पायाला काटा लागला की सुई इतकं सरळ माहीत होतं. जगात माडाखेरीज झाडं असतात आणि त्यांची तोंडं निराळी असतात, हा विचार मला कधी शिवलाच नव्हता.

आणि फाल्गुनात मामंजी एका सकाळी झाडांची फेरी करून आले ते खिन्न होऊन. तिसऱ्या रोपाच्या खोडावर वाळवीची माती चढलेली दिसली होती. त्या दिवशी त्यांचं जेवणात लक्ष नव्हतं. आमटीत मीठ कमी होतं, तेही कळलं नाही. त्या घरात येऊन मला तीन महिने झाले होते आणि माझ्या नावावर एकही धड गोष्ट नव्हती. माझा भात आसट व्हायचा, माझ्या भाकरीला पापुद्रा सुटायचा नाही, माझं बोलणं सासूबाईंना खालच्या पट्टीतलं वाटायचं. आमचे हे नोकरीला मुंबईला. मला वाटलं, ही एक गोष्ट मला येते. न सांगता करावी, आणि वाळवी गेली की मग हळूच सांगावं. केवढं कौतुक होईल!

दुपारी सगळे निजले होते. मी रांजणातलं मीठ टोपलीत काढलं, चांगलं टोपलीभर, पदर डोक्यावर ओढला आणि चढणीच्या अगदी खाली गेले. खालून सुरुवात केली, म्हणजे करत करत घरापाशी येता येईल. पहिल्या पाच झाडांना मी अगदी सढळ हातानं घातलं, ओंजळी भरभरून. मग टोपली हलकी झाली तशी ओंजळीची मूठ झाली. आमच्या दारातलं नववं झाड आलं तेव्हा तळाला जेमतेम चिमूट-दोन चिमूट उरलं होतं, ते झटकलं. मला तेव्हा वाईटसुद्धा वाटलं, आपल्याच दारातलं झाड उपाशी राहिलं म्हणून. संध्याकाळी पाळीप्रमाणे घरोघरच्या बायकांनी कळशा ओतल्या. मी ओटीवरून बघत होते, माझ्या मनात नुसती उकळी फुटत होती.

आठ-दहा दिवसांनी खालच्या पहिल्या रोपाच्या पानांच्या कडा तपकिरी झाल्या.

माणसाला एखादी गोष्ट कळते ती कधी, हे सांगणं अवघड आहे. मामंजी जेवताना म्हणाले, "ऊन फार आहे यंदा." मी म्हटलं, "हो ना." आणि त्या 'हो ना'च्या आतच मला कळलेलं होतं. दुसऱ्या रोपाची पानं करपली तेव्हा मी अधिक मोठ्यानं 'ऊन फार आहे' म्हटलं. तिसऱ्याची वाळवी खरंच मेली होती, पण झाडही माना टाकत होतं. मी आंघोळीचं पाणी अर्धं वापरायला लागले आणि उरलेलं चोरून झाडांना घालायला लागले. विहिरीचा तळ दिसत होता. एका बादलीनं काय होणार? उलट रोज संध्याकाळच्या कळशीनं ते मीठ विरघळून मुळांपर्यंत पोचत होतं. म्हणजे आळीतल्या बायका रोज चढण चढून, घाम गाळून, माझी चूक आत आत मुरवत होत्या. हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मला अन्न जाईना.

सासूबाई एकदा रांजणात हात घालून म्हणाल्या, "एवढं मीठ गेलं कुठं गो? तू आमटीत घालत्येस तेवढ्यानं तर संपायचं नाय."

मी म्हटलं, "लोणच्याला लागलं." लोणचं अजून घातलंच नव्हतं. त्या माझ्याकडे क्षणभर बघत राहिल्या आणि मग कुणीतरी हाक मारली म्हणून उठून गेल्या.

मी मुंबईला पत्र लिहिलं. ह्यांना सगळं सांगितलं, आणि काय करू ते विचारलं. उत्तर यायला आठवडा लागला, तेवढ्यात चौथं रोप करपायला लागलं. ह्यांनी लिहिलं होतं, काही बोलू नकोस, बाबा उगाच मनाला लावून घेतील, पाऊस लागला की मीठ वाहून जाईल आणि गोष्टही. ते पत्र वाचून मला रडू येईपर्यंत बरं वाटलं. खरं सांगायचं तर मी ते ऐकण्यासाठीच पत्र लिहिलं होतं. गप्प राहायला मला कुणाची तरी परवानगी हवी होती. ह्यांना कधी दोष दिला नाही मी त्याबद्दल. मुंबईच्या खोलीत बसून कातळातल्या खड्ड्याची घाई कशी कळणार?

मग आळीनं घडी घालून ठेवलेलं ते वाक्य बाहेर काढलं. कुणीतरी म्हणालं, उन्हानं जळतं ते झाड वरून वाळतं, हे कडेकडेनं करपलंय, कुणीतरी उकळतं ओतलंय. पापडखाराचं पाणी ओतलंय, असंही निघालं. पापडखार आळीत सगळ्यात जास्त कुणाच्या घरात असतो? उत्तर द्यायची गरजच नव्हती. मामंजींचा आधी विश्वास बसेना. पण माणूस हरत आलं की त्याला कुणीतरी हरवणारं हवं असतं. एका सकाळी विहिरीवर पाचसात बायकांसमोर ते काकूंना म्हणाले, "वहिनी, माझ्याशी वैर होतं तर मला बोलायचं होतंत. मुक्या रोपांवर कशाला राग काढलात?"

काकूंनी भरलेली घागर खाली ठेवली. "मी? मी मारलं झाडांना?"

मीही तिथेच होते, रहाटाचा दोर हातात धरून.

"माझ्या दारातलं अजून हिरवं आहे, भावोजी," काकू म्हणाल्या. "मारायचं असतं तर आधी तेच नसतं मारलं?"

हा मुद्दा इतका खरा होता की कुणालाही पटायला हवा होता. पण दोन दिवसांनी पाचव्या रोपाच्याही कडा तपकिरी दिसायला लागल्या, आणि आळी म्हणाली, बघा, ऐकल्याबरोबर तेही केलंन.

चैत्र संपत आला होता. पावसाळ्यात आगबोट बंद व्हायच्या आत गाठोडी मुंबईला जायला हवीत, म्हणून पापडांची घाई होती. आणि एकेका घरानं काकूंकडे दिलेलं उडदाचं पीठ परत आणायला सुरुवात केली. जी बाई झाडांवर विष घालते तिच्या हातचं पोराबाळांना कसं पाठवायचं? आमच्या सासूबाईंनी मला पाठवलं. "जा, पीठ घेऊन ये. काय बोलू नको, नुसतं आण."

ती दुपार मला आजही तशीच दिसते. काकूंच्या ओटीवर पाच-सहा रिकामी सुपं उलटी घालून ठेवली होती. लाटायचे पाट भिंतीला उभे. अंगणात भरपूर ऊन, आणि त्यात एकही पापड नाही. काकूंनी माझ्या हातातला डबा घेतला, आत गेल्या, पीठ भरून आणलं. "चाळून ठेवलंय," म्हणाल्या. "झाकून ने, वारं आहे." एवढंच. मी तिथे उभी होते, तोंड उघडलं तर सगळं सांगून झालं असतं, दोन वाक्यांचं काम होतं. मी डबा छातीशी धरला आणि चढण चढून घरी आले. त्या चढणीवर माझे पाय भाजले ते मला कळलेसुद्धा नाहीत.

त्यानंतर दोन दिवस मी गप्प होते. कशाची वाट बघत होते, हे मला आजवर नीट सांगता आलेलं नाही. माहेरी धाडतील, अशी भीती होती. मामंजींच्या नजरेतून उतरेन, ही त्याहून मोठी होती. पण सगळ्यात खालचं, खरं कारण असं, की रोज सकाळी वाटायचं, आज पानं कदाचित सुधारली असतील. भित्रा माणूस आशाळभूतही असतो. तो चमत्काराची वाट बघतो, म्हणजे त्याला काही करावं लागत नाही. ते दोन दिवस मी आयुष्यात कितीदा मोजले असतील!

तिसऱ्या दिवशी दुपारी मामंजी पडवीत बसून बांबूचे पिंजरे सोडवत होते. मेलेल्या झाडांना पिंजरे कशाला, म्हणून ते काढून आणले होते. एकेक काडी सोडवून जुडी बांधत होते. ती जुडी बघितली आणि मी जाऊन त्यांच्यासमोर बसले. सासऱ्यांसमोर बसायची तेव्हा पद्धत नव्हती. मी म्हटलं, "मामंजी, झाडांना मी मीठ घातलंय."

ते रागावतील, हात उगारतील, निदान 'काय?' म्हणून ओरडतील, असं वाटलं होतं. त्यांनी मोजणीदारासारखे तीन प्रश्न विचारले. "केव्हा? किती? कुठून सुरुवात केलीस?"

मी सगळं सांगितलं. खालून वर, ओंजळीची मूठ, मुठीची चिमूट.

"अगो, माहेरी तुमची पुळण," ते सावकाश म्हणाले. "वाळूतलं मीठ पाण्याबरोबर खाली जातं. इथे मी कातळ फोडून खड्डा केलाय. त्याला तळ आहे. घागरीत घातल्यासारखं राहिलं ते." आणि उठले. भर दुपारचे दोन वाजले होते. डोक्याला पंचा गुंडाळला, कुदळ घेतली, मला म्हणाले, "टोपली घे. त्याच टोपलीनं माती काढायची."

आधी आम्ही खालून वर सगळी झाडं बघितली. ते नखानं खोडाची साल थोडी खरवडायचे. आत हिरवं दिसलं तर झाड जिवंत. पहिली चार गेलेलीच होती. पाचवं, काकूंच्या दारातलं. त्याला अजून चार पानं होती. मामंजींनी खरवडलं. तपकिरी. आणखी खाली खरवडलं, अगदी मातीलगत. तिथे साल ओलसर होती, पण रंग हिरवा नव्हता. ते बराच वेळ नख तिथेच ठेवून बसले. "परवा परवापर्यंत जिवंत होतं हे," म्हणाले. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

सहावं हिरवं होतं. त्या दुपारी आणि दुसऱ्या दिवशी आम्ही वरच्या चार झाडांची माती मुळं न दुखवता काढली, ओंजळीओंजळीनं. नवी माती घातली. मामंजी खालच्या बाजारातल्या विहिरीवरून कावडीनं पाणी आणवत होते. ती चार झाडं पावसापर्यंत कशीबशी तग धरून राहिली. आणि पाऊस लागल्यावर उरलंसुरलं धुवून गेलं, ह्यांनी लिहिल्याप्रमाणे. गोष्ट मात्र धुवून गेली नाही.

मी कबूल केलं त्याच दिवशी संध्याकाळी मामंजी मला घेऊन काकूंकडे गेले. "वहिनी, चुकलो," म्हणाले. "आमच्याच घरातून झालं."

काकूंनी माझ्याकडे बघितलं. मग मामंजींना म्हणाल्या, "बोललात ते विहिरीवर. सांगायचं तेही विहिरीवर सांगा."

मामंजींनी सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी, सगळ्या बायकांसमोर, वाकून. पण माझं नाव घेतलं नाही. "आमच्या हातून" म्हणाले. मी शेजारी उभी होते आणि 'आमच्या नाही, माझ्या' एवढे तीन शब्द माझ्या तोंडातून आले नाहीत. आळीनं ऐकून घेतलं. काही घरांनी पीठ परत काकूंकडे दिलं. काहींनी दिलं नाही. त्यांचं म्हणणं, म्हातारा मनाचा मोठा आहे, बाईला सांभाळून घेतोय. खोटं एकदा घरोघर जेवून आलं की खऱ्याला कुणी पाट मांडत नाही. त्या वर्षी काकूंनी पावसाळा कसा काढला ते मला माहीत नाही. विचारायची माझी छाती झाली नाही.

पुढच्या वर्षी मामंजींनी आणखी पाच रोपांसाठी अर्ज केला. दुसऱ्या आळ्या रांगेत होत्या, आम्हाला मिळाली नाहीत. मग त्यांनी स्वतः बी रुजवून खाली चार लावली. एक गुरांनी खाल्लं, दोन पुढच्या उन्हाळ्यात गेली, एक वाऱ्यात मोडलं. पाचवं ते काकूंच्या दाराशी घेऊन गेले होते. काकू दारातच आडव्या उभ्या राहिल्या. "माझ्या दारात नको. परत मेलं, तर परत माझंच नाव." मामंजी रोप हातात घेऊन तसेच परत आले. ते आता नाहीत. शेवटच्या आजारात त्यांना ओटीवर खाट टाकून जांभळीखाली आणून ठेवायचो. ते वर बघत पडून राहायचे. मला एकदाही काही बोलले नाहीत, आणि ते बोलले नाहीत याचाच मला त्रास होई.

वरच्या चार झाडांनी मात्र आळीचा अर्धा भाग पार बदलून टाकला. आमच्या बाजूची दारं आता दुपारी उघडी असतात. मासळीवाल्या पाट्या उतरवून बसतात, मुंबईच्या बातम्या सांगतात. पोरं गोट्या खेळतात. सुना सासवांच्या डोळ्यांआड इथेच दोन शब्द बोलून घेतात. ओटीवरचं मडकं दुपारीसुद्धा गार असतं. ज्येष्ठात जांभळं पडतात, वाट जांभळी होते, सगळ्यांच्या टाचा आणि जिभा रंगतात. एका झाडाखाली एवढा संसार मावतो, हे मला माहेरच्या शंभर माडांखालीही कळलं नव्हतं. माड आकाशाकडे जातो, खाली फार कुणाला थांबवत नाही. आणि हे सगळं बघताना माझं मन खालच्या अर्ध्यात असतं. तिथली दारं अजून लावलेली आहेत. तिथे एक बाई कळशी घेऊन उभी आहे, एका पायावरून दुसऱ्या पायावर.

यमुकाकू आता थकल्या. पापड लाटवत नाहीत. दुपारी त्या आमच्याकडे येतात, जांभळीखाली बसून माझ्याबरोबर काही ना काही निवडतात. आमच्यात कधी समेट असा झाला नाही. एका वर्षी त्या आल्या, बसल्या, मी सूप पुढे सरकवलं, इतकंच. त्यांच्या दारापासून सहाव्या झाडाच्या सावलीपर्यंत वीसेक पावलं उन्हातून यावं लागतं. तेवढ्यात त्या घामाघूम होतात. मी छत्री घेऊन आणायला जाते म्हटलं तर ऐकत नाहीत.

परवा त्या आल्या, सावलीत टेकल्या. पदरानं मान पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "यंदा पावसात माझ्या दारात एक लाव गो. आता वाळवणं तरी कुठं आहेत माझी? दारातून बाहेर पडवत नाय उन्हानं."

मी हातातलं टाकून उठले. "लावते ना, काकू! उद्याच सांगते वडाऱ्याला. खड्डा फोडून घेऊ, माती मी स्वतः आणते, बघा, मी स्वतः..."

"तू नाय," काकू म्हणाल्या. राग नव्हता आवाजात. "तुझ्या लेकीला सांग. तू खड्ड्याला हात लावायचा नाय."

मी "बरं" म्हटलं, आणि त्यांच्यासाठी पाणी आणायला आत गेले.